गडबच्या लग्नाची कच्ची टेप

रशीदचाचा, तुमचा व्हीसीआर अजून माझ्याच टेबलावर आहे. आत नागोठण्याचं एक लग्न अर्धवट अडकलंय. त्या सोमवारी चाचींचा फोन आला तेव्हा नवरदेव मांडवात शिरत होता. मी बटण बंद केलं आणि चपला शोधायला लागले. आज आठवा दिवस. कॅसेट काढायला हात पुढे होतो आणि तसाच मागे येतो. म्हणून आज मशीन सोडून तुमच्याशीच बोलायला बसलेय.

तुमच्याबद्दल लोकांना काय सांगावं ते मला कळत नाही. शेजारच्या मूर्तींच्या कारखान्यातल्या ताईंनी विचारलं, "कोण गो ते तुझे?" मी म्हटलं, "रोह्याच्या अष्टमी गावचे. लग्नांचं शूटिंग करायचे." त्यांनी मान डोलावली आणि त्या कामाला लागल्या. माझं उत्तर मात्र झालंच नव्हतं. चार वर्षं, आठवड्यातले दोन दिवस, तुम्ही माझ्या शेजारी एका बाकावर बसून परक्यांची लग्नं बघितलीत. याला कुठलं नातं म्हणतात ते मला माहीत नाही.

आपली पहिली भेट आठवते का? पेणमध्ये माझं झेरॉक्स, प्रिंट आणि फॉर्म भरून द्यायचं दुकान होतं. लोक अधूनमधून जुन्या व्हिडिओ कॅसेट घेऊन यायचे. "ताई, हे मोबाईलमध्ये टाकून द्या ना." कॅसेटमधलं कॉम्प्युटरमध्ये घ्यायची वायर माझ्याकडे होती, पण चालणारा व्हीसीआर नव्हता. कुणीतरी सांगितलं, कुंडलिकेच्या पुलापलीकडे अष्टमीत एका म्हाताऱ्या व्हिडिओवाल्याकडे तीन आहेत. मी आले. तुम्ही माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "ते एमपी फोरचं मशीन तुझ्याकडं हाय का?"

मी म्हटलं, "मशीन नाही चाचा, फाइलचा प्रकार आहे तो. कॅसेटमधलं फोनला कळेल अशा फाइलमध्ये बदलायचं."

"बदलायचं म्हणजे? माणसं तीच राहणार ना?"

"तीच राहणार."

"मग चालेल."

पुढच्या मंगळवारी तुम्ही एसटीतून उतरलात ते गोधडीत गुंडाळून मांडीवर सांभाळत आणलेला व्हीसीआर घेऊन. कंडक्टरनं विचारलं होतं म्हणे, काय हाय एवढं जपून? तुम्ही म्हणालात, "पेशंट हाय. पेणला दाखवायला नेतोय." हे सांगताना तुम्ही स्वतःच इतके हसलात की तुम्हाला पाणी द्यावं लागलं.

तीन तासांची कॅसेट कॉम्प्युटरमध्ये घ्यायला पुरे तीन तास लागतात, हे गिऱ्हाइकांना कधी पटलं नाही. त्यांना वाटायचं, बटण दाबलं की झालं. तुम्ही तर त्याआधी कॅसेटचे पाचही स्क्रू काढून आतलं रीळ बघायचात. खाडीच्या हवेनं कडेला पांढरी बुरशी धरलेली असायची. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या मऊ कापडानं तुम्ही ती इतक्या हलक्या हातानं पुसायचात की बघणाऱ्यालाही श्वास रोखावा लागे. शेजारून मूर्तींच्या मातीची धूळ येते म्हणून दाराला ओला पंचा तुम्हीच बांधलात. तो वाळला की माझ्याकडे बघायचात. मी उठून भिजवायचे.

मग टेप सुरू व्हायची आणि तुमचं बोलणंही. "हा बघ, हा आता कुवेतला हाय. हिनं जेवणात मीठ नाय म्हणून एवढं मोठं भांडण केलेलं, थांब, आता येईल." आणि ते भांडण खरंच यायचं. पडद्यावर एखादा माणूस आला की तुमचा हात छातीशी जायचा. "हा गेला गो." पुन्हा थोड्या वेळानं, "हा पण." काही लग्नांत तुमचा हात छातीवरून खाली यायचाच नाही.

आणि ते कमळ! नवरीचा चेहरा कमळात उमलवायची तुमची हौस. मी हसले तर तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "त्या वेळी कमळ नाय टाकलं तर नवरीची आई रुसायची." एकदा मी जुनं चौकोनी चित्र आजच्या रुंद पडद्याला भरावं म्हणून ताणलं, तर तुम्ही उठून उभेच राहिलात. "माझ्या माणसांना जाड कशाला केलंस?" मी म्हटलं, बाजूला काळ्या पट्ट्या राहतात, गिऱ्हाइकाला आवडत नाहीत. "राहू देत पट्ट्या. माणूस हाय तेवढाच दाखव."

आपलं खरं भांडण फाइल लहान करण्यावरून. कुवेतच्या एका मुलानं व्हॉट्सॲपवर मावेल अशी फाइल मागितली होती. मी लग्न दाबून दाबून लहान केलं. तुम्ही चष्मा वर सारून पडद्याला नाक लावलंत. "हिच्या नथीतले मोती कुठं गेले?"

"फोनवर कुठे दिसतात चाचा मोती?"

"फोनवर नाय दिसत म्हणून तू पुसून टाकणार?"

तेव्हापासून मी प्रत्येक लग्नाच्या दोन फाइली करते. लहान फोनसाठी, आणि मोठी, काहीही न दाबलेली, ठेवून देण्यासाठी. गिऱ्हाइकानं मागितली नाही तरी. मी तुमचं ऐकलं असं मात्र तोंडानं कधी कबूल केलं नाही. आता करते.

मी इतका वेळ मोती आणि कमळ सांगतेय, कारण सुनंदाताईंकडे यायला मला भीती वाटतेय.

त्या आल्या तो गुरुवार होता आणि तुम्ही रोह्याहून यायचे होतात. पंचेचाळिशीच्या असतील. माहेर गडबचं, आता वरसे गावात राहतात, कंपनीत शिफ्टला जाणाऱ्यांना डबे करून देतात. पिशवीत त्यांच्याच लग्नाची कॅसेट होती. भावाला माळा आवरताना सापडली होती, तो फेकायला निघाला होता. कॅसेटवर तुमच्या दुकानाचा शिक्का होता, पण आत बुरशीनं रीळ चिकटून गेलं होतं.

मला त्यांनी सरळ सांगितलं, "मला याच्यात फक्त आई पायजे. हळदीला आई धवला गायली होती. तिचा आवाज दुसरीकडं कुठंच नाय. नवरा नको. त्याचं तोंड मला एकदा पण दिसायला नको. आणि झालं की टेप फोडून टाका."

दीड वर्ष त्या नांदल्या होत्या. मार खाऊन तीनदा माहेरी आल्या, तिन्ही वेळा परत पाठवल्या गेल्या. चौथ्या वेळी त्या माहेरी गेल्याच नाहीत.

तुम्ही आलात. ऐकलंत. त्यांना म्हणालात, "कच्ची टेप माझ्याकडं हाय बाय. शूटिंगची मूळ. आईचा आवाज साफ मिळेल." बाकीचे व्हिडिओवाले कच्च्या टेपवर पुढचं लग्न घ्यायचे, तुम्ही कधीच घेतलं नाहीत. सुनंदाताईंचे डोळे भरून आले. पण त्या गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, "मी कापणार नाय. ती कच्ची टेप फोडणार पण नाय. अख्खं लग्न घे आणि तिला दे."

"तिला अख्खं नकोय, चाचा."

"आज नको, उद्या मागेल. मी आजपर्यंत कुणाच्या लग्नातला माणूस कापला नाय. लग्नातनं नवरा काढलास तर राहील काय?"

"आई राहील."

तुम्ही मान हलवत राहिलात. आणि मग मी ते बोलले. म्हटलं, "तुम्हाला काय माहीत? तुम्ही मांडवात होता, जेवलात आणि कॅमेरा घेऊन घरी गेलात. पुढचं तिनं एकटीनं भोगलं. तुमचं ते कमळ घालून झालं की तुमचं काम संपतं."

तुमच्या वयाच्या माणसाशी मी असं कधी बोलले नव्हते. तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही व्हीसीआरची वायर काढलीत, तो गोधडीत गुंडाळलात, दाराचा पंचा सोडून घडी करून बाकावर ठेवलात आणि एसटी स्टँडकडे चालायला लागलात. मी दारात उभी राहून तुमची पाठ बघत होते. हाक मारली नाही.

तीन आठवडे तुम्ही आला नाहीत. मी फोन हातात घ्यायचे आणि ठेवायचे. एकदा लावला, तर चाचींनी उचलला. म्हणाल्या, "नमाजाला जातात, येतात, खिडकीत बसतात. काय झालं गो तुमचं?" मी म्हटलं, काही नाही, काम कमी आहे सध्या.

चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी तुम्ही दारात. तोच व्हीसीआर, तीच गोधडी आणि कापडी पिशवीत एक टेप. मी माफी मागायला हवी होती. मी चहा मागवला. तुम्ही चहाला हात लावला नाहीत. म्हणालात, "लाव."

गडबचं लग्न. तुम्ही टेप पुढे पळवत नेलीत आणि पाठवणीपाशी थांबवून दाराकडे तोंड करून बसलात. मी एकटीनं बघितलं. नवरी आईच्या गळ्यात पडलेली. नवरा गाडीपाशी, घाईत. तो पुढे येतो, काहीतरी म्हणतो, तिचा हात पकडतो आणि असा हिसडतो की बांगड्या फुटून खाली पडतात. ती मनगट पोटाशी धरते. त्याच वेळी तिचे वडील कॅमेऱ्याच्या आड येतात. एकूण चाळीस सेकंद असतील.

"तिचा बाप संध्याकाळी माझ्याकडं आलेला," तुम्ही दाराकडेच बघत बोललात. "हात जोडून. म्हणाला, भाऊ, तेवढं काढून टाका, पोरीचा संसार हाय. मी काढलं. तिथं फुलं टाकली. कोणाला कायच कळलं नाय. मी कधी कापत नाय म्हणून सगळ्यांना सांगतो ना? एवढं एक कापलं. तू बोललीस ते खरं हाय. मी जेवलो आणि घरी गेलो."

मी म्हटलं, "म्हणून टेप फोडू देत नव्हतात?"

"ती फोडली असती तर मी बघितलेलं कायच उरलं नसतं. मी तिला सांगणार हाय."

आणि गंमत बघा चाचा, आता मी अडवायला लागले. म्हटलं, नका सांगू. ती आईसाठी आलीय. वडील आता हयात नाहीत. त्यांना माहीत होतं हे तिला कळलं तर तिला काय वाटेल? तुमचं मन हलकं व्हावं म्हणून तिच्यावर हे कशाला घालता?

चहावर साय धरली. मग म्हणालात, "मी तेव्हा तिला न विचारता ठरवलं. आता तू पण तेच करतेस. तिलाच विचारू."

गुरुवारी त्या आल्या. तुम्ही बाकावरून उठलात आणि उभ्यानंच बोललात. काही झाकलं नाहीत, बापाचे जोडलेले हातही नाहीत. शेवटी म्हणालात, "बघायचं नसेल तर बघू नको. आईची फाइल वेगळी तयार हाय. तुझ्या मनावर हाय."

सुनंदाताई म्हणाल्या, "दाखवा."

त्यांनी ते एकदा बघितलं. पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा बघताना त्यांचा डावा हात आपोआप उजव्या मनगटावर गेला. "म्हंजे बाबांना पहिल्या दिवसापासनं माहीत होतं," त्या हळूच म्हणाल्या. "मी पहिल्यांदा परत आले तेव्हा मला म्हणाले, तुझाच कायतरी गैरसमज झाला असेल." मग तुमच्याकडे वळल्या. "आणि तुम्ही? तुम्ही तेव्हा मला का नाय सांगितलंत?"

"भ्यालो गो बाय. म्हटलं, लग्न मोडलं तर माझ्यावर येईल. उद्या कोण बोलावणार नाय."

मला वाटलं आता त्या रडतील किंवा तुम्हाला काहीतरी बोलतील. त्या फक्त म्हणाल्या, "आई लावा."

आई अकरा मिनिटं गायली. हळदीनं पिवळे झालेले हात, कपाळावरून घाम निथळतोय, आणि आवाज असा की शेजारच्या कारखान्यातल्या बायका रंगाचे ब्रश हातात घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांतली एक अर्धवट गुणगुणायला लागली. सुनंदाताई हसत होत्या आणि रडत होत्या. तुम्ही खाली बघत होतात.

गाणं संपल्यावर त्यांनी डोळे पुसले. "आईचं फोनमध्ये टाका. आणि ते दुसरं, ते पण द्या. वेगळं करून. माझा भाऊ अजून चारचौघांत म्हणतो, हीच नांदली नाय. त्याला दाखवायचं हाय."

"आणि टेप?" मी विचारलं.

"राहू द्या. आता कशाला फोडायची?"

त्या गेल्या. जाताना मला 'येते' म्हणाल्या. तुमच्याकडे त्यांनी बघितलं नाही. तुम्ही ते बघितलंत.

मग आपण त्यावर कितीदा वाद घातला! मी म्हणायचे, बघा, शेवटी तिला हवं तेच कापून दिलं. तुम्ही म्हणायचात, पण टेप राहिली म्हणून देता आलं. मी म्हणायचे, मग ती फोडायची की नाही हे ठरवायचा हक्क तिचाच होता. तुम्ही म्हणायचात, व्हय, हक्क तिचा, पण मी तिचा गुन्हेगार, मी ती कशी फोडू? हा वाद काही मिटला नाही. परवा बस स्टँडवर उभी असताना मला एकदम तुमचा मुद्दा उलटवणारं उत्तर सुचलं आणि मी फोन काढलासुद्धा.

वरून हसतखेळत वाद घालत होतात, पण दर मंगळवारी पंचा बांधून झाला की तुम्ही सहज विचारल्यासारखं विचारायचात, "ती आली होती का गो?" मी म्हणायचे, नाही चाचा. "फोन?" नाही. मग तुम्ही स्क्रू काढायला बसायचात. मी एकदा म्हटलं, मीच फोन करून विचारू का, भावानं काय म्हटलं ते? तुम्ही म्हणालात, "नको. तिला बोलायचं असेल तर ती बोलेल. आपण मागं लागायचं नाय." शेवटच्या मंगळवारीही तुम्ही विचारलंत, आणि मी नाहीच म्हटलं. दुसऱ्याच कुणाच्या फाइलीत डोकं घालून, तुमच्याकडे न बघता.

त्या नाही म्हणण्याचं मला फार वाईट वाटतं. खोटं नव्हतं, तरी वाटतं.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी पुन्हा अष्टमीला गेले. आतल्या खोलीत बायका चटईवर बसल्या होत्या. चाची भिंतीला टेकून. मी त्यांचा हात धरून बसले. त्या मला सांगत होत्या, पेणला जायच्या दिवशी तुम्ही सकाळपासून कसे घाई करायचात, इस्त्रीचाच शर्ट कसा लागायचा. चार वर्षं मला वाटत होतं की तुम्ही माझ्यावर उपकार म्हणून एसटीचे धक्के खात येता. चाची म्हणाल्या, "तुझ्याकडं यायला लागले आणि घरात परत बोलायला लागले बघ. कॅमेरा बंद झाल्यापासनं गप्पच झालेले." हे तुम्ही मला का सांगितलं नाहीत? मी आणखी थोडी कमी भांडले असते. कदाचित म्हणूनच सांगितलं नसेल.

दुपारी सुनंदाताई आल्या. डोक्यावरून पदर घेऊन, चपला बाहेर काढून, दाराशीच एका कोपऱ्यात बसल्या. मला बघून किंचित मान हलवली. मी सरकत त्यांच्याजवळ गेले. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "त्रास झाला का त्यांना?" मी म्हटलं, नाही, झोपेतच गेले. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "भावाला दाखवलं मी. तो उठून बाहेर गेला. पण त्यानंतर परत कधी तसं म्हणाला नाय." मग म्हणाल्या, "चाचांना सांगायचं होतं मला. राग पण होता. आज जाईन, उद्या जाईन, असं करत राहिले."

मी त्यांना सांगितलं, तुम्ही दर मंगळवारी विचारायचात म्हणून. त्यांनी पदर तोंडाला लावला.

संध्याकाळ होत आली तशा बायका एकेक करून उठल्या. त्या उठल्या नाहीत. चाचींचं लक्ष गेलं. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता. त्यांनी कोपऱ्याकडे बघून विचारलं, "तू कोण गो? मी ओळखलं नाय तुला."

मी काही सांगणार तोच सुनंदाताई म्हणाल्या, "गडबची मी. माझ्या लग्नाचं शूटिंग चाचांनी केलं होतं."

चाचींनी त्यांच्याकडे नीट बघितलं. तुमच्या घरी आजवर अशा किती बाया आल्या असतील, त्यांतलीच एक. चाचींनी भिंतीचा आधार घेतला, उठल्या आणि आत ताटं काढायला वळल्या. "मग उपाशी कशी जाशील?" त्या म्हणाल्या. "जेवून जा."

त्या जेवून गेल्या, चाचा. माझ्या शेजारी बसून.